काचेची कौलं वानरं फोडतात, त्याऐवजी कुठलं पारदर्शक प्लास्टिक घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की कोकणातल्या घराची उजेडाची काचेची कौलं वानरं फोडतात, तर त्याजागी ॲक्रिलिक घालावं की पॉलीकार्बोनेट, आणि खिडक्यांनाही तेच चालेल का.

छपरावर पॉलीकार्बोनेट. ॲक्रिलिक नको. आणि दुकानदार ‘फायबर’ म्हणून जो पारदर्शक पत्रा दाखवतात तो तर घरात आणूच नका. काही पावसाळ्यांत त्याचे धागे वर येतात आणि उजेड मातकट होतो. मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये अठरा वर्षं काढली आहेत, म्हणून एवढं ठासून सांगते. पण याच विषयावरून आमच्या घरात बरीच वर्षं माझं काही चाललं नाही, तेही सांगायला हवं, कारण तुमच्याकडेही तेच होण्याची शक्यता आहे.

आमचं घर देवगड तालुक्यात. माजघराला खिडकी नाही, फक्त वर दोन काचेची कौलं. आईचं घड्याळ म्हणजे त्यातून पडणारा कवडसा. तो जात्यापाशी आला की ती भाताचं आधण ठेवायची. २००९ च्या मे महिन्यात वानराने फणसावरून छपरावर उडी घेतली, कौल फुटलं आणि विळीवर बसलेल्या आईच्या हातात काच घुसली. सात टाके पडले. त्या दिवशी मी ठरवलं की या छपरावर पुन्हा काच चढणार नाही.

ठाण्याहून मी तीन मिलिमीटरची भरीव पॉलीकार्बोनेट शीट मापात कापून एसटीच्या पार्सलने पाठवली. भरीव म्हणजे पोकळ नळ्यांची नव्हे, काचेसारखी सपाट. दादाला फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. एक, शीटच्या दोन्ही बाजूंना फिल्म असते, त्यातली छापील फिल्म ज्या बाजूला आहे ती बाजू आभाळाकडे. दोन, भोकं खिळ्यापेक्षा मोठी पाडायची. दादा म्हणाला, “होय गो, बघतंय.”

चार वर्षांत शीट लिंबाच्या लोणच्यासारखी पिवळी झाली. पाचव्या वर्षी खिळ्यांपासून चिरा गेल्या. चतुर्थीला सगळं घर जमलेलं असताना, आरती झाल्यावर, दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “तुज्या प्लास्टिकापरास आवशीची काच बरी होती.” मला ते फार लागलं. माझ्या कामाबद्दल घरात कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि पहिल्यांदा विषय निघाला तो असा.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून वर चढले आणि शीट काढली. रिपेखाली दबलेल्या कडेला फिल्मची बोटभर पट्टी चिकटून राहिली होती. छापील. खालच्या अंगाला. सुताराने दोन्ही फिल्म अंगणातच सोलल्या होत्या आणि शीट उलटी बसवली होती. पॉलीकार्बोनेटला उन्हापासून वाचवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो. ती बाजू खाली गेली की वरची उघडी बाजू अतिनील किरणांनी पिवळी आणि ठिसूळ होणारच. यात प्लास्टिकचा दोष काय?

खिळेही गच्च मारलेले होते. मीटरभर शीट चाळीस अंशांनी तापली तर अडीच मिलिमीटरहून जास्त वाढते. काच तेवढ्याच उन्हात अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. काचेच्या सवयीने प्लास्टिक ठोकलं की ते भोकापाशी फाटणार.

पट्टी दादाला दाखवली तर म्हणाला, सुताराची चूक. सुताराजवळ उभं कोण होतं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. आज विचारते.

त्याचा मूळ राग प्लास्टिकवरच आहे. “प्लास्टिक ता प्लास्टिक.” तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तिच्या डोळ्यातली भिंग ॲक्रिलिकच्याच कुळातली. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरने डोळ्यात पहिली कृत्रिम भिंग बसवली ती ॲक्रिलिकची. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे गेले होते आणि डोळ्याने ते सहन केले, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आई पोथी वाचते ती प्लास्टिकमधून, हे मी दादाला सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला.

मग ॲक्रिलिक छपरावर का नको? उजेड तेच जास्त देतं, शेकडा ९२, पॉलीकार्बोनेट ८८ च्या आसपास. उन्हात ते पिवळंही सहजी पडत नाही. पण नारळ पडला किंवा वानर उडी मारून उतरलं की त्याचे टोकदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. घ्यायच्या आधी दुकानात कापलेली पट्टी मागून हाताने वाकवून बघा. कट्‌कन मोडली तर ते ॲक्रिलिक. बाहेर नेऊन पेटवलीत तर ॲक्रिलिक जळत राहतं, पॉलीकार्बोनेट काजळी धरून आपोआप विझतं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये, कौलं चाळायच्या वेळी, मी रजा काढून गेले आणि नवी शीट स्वतः उभं राहून बसवून घेतली. मोठी भोकं, रबरी वायसर, आणि फिल्म सोलायच्या आधी वरच्या कोपऱ्यात मार्करने खूण. ती अजून स्वच्छ आहे. गेल्या चतुर्थीला दादा शेजारच्या काकांना सांगत होता, छापील बाजू वर ठेवा हां. ते त्याला कोणी सांगितलं, ते मात्र बोलला नाही.

खिडक्यांना काचच ठेवा. रोज हात लागणार, पुसलं जाणार, आणि प्लास्टिकवर ओरखडे येतात. लहान मुलं असतील तर टफन्ड काच घ्या.

शीट राख आणि काथ्याने घासू नका, आमच्या वहिनीने एकदा ते केलं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. रंगाऱ्याचा थिनर जवळही येऊ देऊ नका. फटी भरायला आंबट वासाचं सिलिकॉन नको, न्यूट्रल मागा.

कौलाच्याच आकाराची तयार पारदर्शक कौलंही मिळतात, चांगली असतात, पण वजन काचेच्या निम्मं. नुसती टेकवून ठेवू नका, रिपेला तांब्याच्या तारेने बांधा. २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या वाडीतली न बांधलेली तीन उडाली. आणि चुलीच्या थेट वर यातलं काहीच नको, तिथे काच किंवा मातीचं कौलच बरं.