ऑर्वेल, काफ्का या लेखकांच्या नावांवरून ऑर्वेलियन, काफ्काएस्क झाले, तसे शब्द मराठीत का नाहीत, आणि असा शब्द घडतो कसा?

आहेत की! कवी बा. सी. मर्ढेकरांवरून मर्ढेकरी आहे, कादंबरीकार भालचंद्र नेमाड्यांवरून नेमाडपंथी आहे. मराठीला लेखकाच्या आडनावाचं विशेषण करता येत नाही, हे ज्यांना आपलीच समीक्षा वाचायची नाही त्यांनी पसरवलंय.

ते कसं घडतं हे विचारलंय, तर लेखक थोर असून भागत नाही. त्याने न लिहिलेल्या गोष्टीलाही त्याचं नाव लावता आलं, तरच शब्द होतो. आधी 'मर्ढेकरांसारखी प्रतिमा' म्हणतात, मग 'मर्ढेकरी प्रतिमा', आणि शेवटी मर्ढेकर न वाचलेलाही तो शब्द वापरतो. घोटाळा इथेच होतो. मर्ढेकरी म्हणजे उंदीर, यंत्र आणि वैफल्य एवढंच उरतं. 'काही कविता'मधला (१९४७) ओवी-अभंगांचा घाट आणि 'शिशिरागम'मधली (१९३९) हळवी कविता गळून पडते.

नेमाडपंथी लवकर रुजला, कारण हेमाडपंथी (जुन्या दगडी देवळांची शैली) हा साचा कानात तयारच होता. आणि तो साचा तरी कुठे काटेकोर? सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या आधीचं मानलं जातं, तरी सगळे त्याला हेमाडपंथीच म्हणतात. एकदा नाव चिकटलं की ते मागच्या काळालाही लागतं.

आमच्या नाशकात २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, आली की तक्रार ऐकू येते, 'कुसुमाग्रजी' का नाही? मी हे कायम सांगत आलोय: 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची, 'नटसम्राट' (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एकच, पण कीर्ती दोन नावांत वाटली गेली. शिवाय क्रांती, प्रेम, पुराण, शोकांतिका इतका पसारा एका विशेषणात मावत नाही. शब्दाला एकच ठळक, अरुंद खूण लागते. म्हणून शब्द न होणं हा कमीपणा मुळीच नाही, आणि हे न पटणाऱ्यांनी 'विशाखा' पुन्हा वाचावी.

परीक्षण लिहिताना असं विशेषण वापरलंत, तर त्याच वाक्यात नेमकी खूण द्या: प्रतिमा, छंद की निवेदन? मग विशेषण खोडून बघा. अर्थ तसाच राहिला, तर ते खोडलेलंच बरं. सातबारा उशिरा मिळाला म्हणजे काफ्काएस्क नव्हे. आरोप काय ते कळत नाही, विचारायचं कुणाला तेही कळत नाही, आणि माणूस स्वतःलाच दोषी धरू लागतो, तिथे तो शब्द शोभतो.

एक राहिलंच: नेमाडपंथी हा टोमणा म्हणूनही वापरतात. कौतुक करायचं असेल तर वाक्यात तसं स्पष्ट लिहा.