पट्टा छातीला हवा, मनगटाला नको

नुकत्या चालू लागलेल्या आणि हात सोडवून पळणाऱ्या मुलांना गर्दीच्या ठिकाणी सुरक्षा-पट्टा, म्हणजे हार्नेस, लावावा का, याविषयीची पत्रे इतक्या वेळा आली आहेत की ती इथे एकत्रच घेते. आधी एक खुलासा करते. या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत पट्टे मुलाच्या खांद्यांवरून आणि छातीभोवती जातात व पाठीकडून निघालेला दोर मोठ्यांच्या हातात राहतो. दुसरीत मुलाच्या मनगटाला एक कडे, मोठ्यांच्या मनगटाला दुसरे आणि मध्ये वेटोळ्यांची दोरी असते. पत्र लिहिणारे बहुतेक जण या दोहोंत फरक करत नाहीत, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : हा पट्टा कोणत्या वयात वापरावा?

उत्तर : मूल आधाराशिवाय स्थिर चालू लागल्यापासून साधारण तीन-चार वर्षांपर्यंत, आणि त्या विशिष्ट पट्ट्यावर लिहिलेल्या वयाच्या मर्यादेतच.

प्रश्न : मुलगा १३ महिन्यांचा आहे, पण अजून चालत नाही. पाठीमागून पट्ट्याने धरून चालवल्यास लवकर शिकेल, असे जाहिरातीत म्हटले आहे. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. तोल सावरायला मूल स्वतःच्या पायांवर भार घेऊन, पडून आणि पुन्हा उठूनच शिकते. वरून कोणी भार उचलून धरला, तर ते लोंबकळायला शिकेल. १३ महिन्यांना न चालणे यात काळजीचे काही नाही. १८ महिने पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, दुकानात जाऊ नये. चाकांच्या वॉकरबद्दलही असेच दावे केले जातात. त्याच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर कॅनडाने २००४ मध्येच बंदी घातली आहे.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीसाठी मनगटाचा पट्टा आणला. दोर मोठ्या माणसाचेही वजन पेलतो, असे विक्रेत्याने सांगितले होते. परवा ती अचानक धावली, दोर ताणला गेला आणि ती कळवळून रडली. थोड्या वेळाने शांत झाली. आता हात नीट वापरते. घरचे म्हणतात, सवय होईल. पट्टा बदलावा का?

उत्तर : बदलावा, आणि तोही आजच. दोर किती वजन पेलतो हा प्रश्नच चुकीचा आहे. मुलीचे कोपर किती पेलते हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते.

कोपरापाशी रेडियस नावाच्या हाडाचे डोके एका कंकणासारख्या अस्थिबंधाने जागेवर धरून ठेवलेले असते. लहान मुलांत हा बंध सैल असतो. हात सरळ असताना मनगटाकडून एकदम हिसका बसला, तर तो हाडाच्या डोक्यावरून सरकतो आणि सांध्याच्या फटीत अडकतो. बोलीत आपण ‘हात उतरला’ म्हणतो ते अनेकदा हेच असते. एक ते चार या वयात हे सर्वाधिक दिसते. पुढे बंध घट्ट होत जातो आणि प्रकार कमी होतो. मूल पुढे धावत असते, मोठे माणूस थांबलेले असते, आणि त्या दोघांमधला सगळा हिसका मनगटाच्या पट्ट्यातून थेट या एका नाजूक जागी पोहोचतो. वेटोळ्यांची दोरी हिसका शोषून घेते असे सांगितले जाते. ती ताणली जात असेपर्यंत ते खरे असेलही, पण वेटोळी संपल्यावर ती साध्या दोरीसारखीच वागते. शिवाय मनगट ओढले गेले की मूल त्या बाजूला फिरून पडते, आणि बांधलेला हात जमिनीवर टेकवून स्वतःला सावरायला ते मोकळे नसते. छातीच्या पट्ट्यात हीच ओढ धडावर पसरते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणून मनगटाचा पट्टा या वयात कोणालाही सुचवायला मी तयार नाही, त्याच्या खोक्यावर ‘डॉक्टरांनी शिफारस केलेला’ असे छापलेले असले तरी. कोणत्या डॉक्टरांनी, हे त्या खोक्यांवर मला अजून वाचायला मिळालेले नाही.

हात उतरलेली मुले तपासणीच्या खोलीत आली की दारातूनच ओळखू येतात. एक हात अंगालगत धरलेला, कोपरात किंचित वाकलेला, तळवा मांडीकडे वळवलेला. खेळणे पुढे केले की दुसरा हात येतो, हा येत नाही. बहुधा सूज नसते, हात न हलवल्यास रडूही नसते, आणि त्यामुळेच घरचे ‘मुरगळला असेल’ म्हणून रात्र काढतात, चोळतात, शेकतात. हे सर्वांत चुकीचे. कोपर ठरावीक रीतीने फिरवले की अंगठ्याखाली बारीकसा ‘टक्’ जाणवतो, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच ते मूल त्याच हाताने खेळणे ओढून घेते. मात्र चित्रफीत पाहून हा प्रयोग घरी करू नये, कारण कोपराजवळचा अस्थिभंगही सुरुवातीला असाच दिसू शकतो आणि हिसडण्याने तो बिघडतो. सूज असेल किंवा मूल पडले असेल, तर क्ष-किरण तपासणी करायची की नाही हे तपासणाऱ्यानेच ठरवावे. आपल्या मुलीचा हात एव्हाना व्यवस्थित चालत असला, तरी पुढच्या भेटीत ही घटना बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. एकदा सरकलेला बंध पुन्हा सरकण्याची शक्यता असते. हाताला धरून उचलणे, दोन्ही हातांनी झोके देणे, बाही ओढून काढणे हेही त्याच माळेतले आहे, त्यासाठी पट्टा लागतच नाही.

प्रश्न : जनावराला बांधतात तसे मुलाला बांधले, असे नातेवाईक म्हणतात. मुलाच्या मनावर परिणाम होईल का?

उत्तर : मुलाला पट्ट्यापेक्षा तो धरणाऱ्याचा सूर अधिक कळतो. दोर सैल ठेवून, मुलाशी बोलत चालणारे पालक त्याला बांधत नाहीत, फिरण्याची मोकळीक देतात. दोर ओढत मुलाला फरफटत नेणारे मात्र त्या टीकेस पात्र आहेत. ही कल्पना आजची नाही, १७ व्या आणि १८ व्या शतकांत युरोपात लहान मुलांच्या कपड्यांना खांद्यापाशी अशा नाड्या शिवलेल्या असत.

प्रश्न : सरकता जिना, लिफ्ट आणि बागेतली घसरगुंडी इथे पट्टा लावून ठेवावा का?

उत्तर : घसरगुंडी, झोके, चढण्याची जाळी इथे कधीही नाही, दोर अडकून गळ्याला फास बसू शकतो, म्हणून खेळण्यापूर्वी पट्टा पूर्ण काढावा. सरकत्या जिन्यावर लोंबणारा दोर पायऱ्यांच्या फटीत ओढला जाऊ शकतो, तेव्हा मुलाला कडेवर घ्यावे. लिफ्टमध्ये मूल आत, आपण बाहेर आणि मध्ये दार मिटलेले, हा प्रसंग कल्पनेत आणून पाहावा. तिथे दोर हातात गोळा करून मुलाला अंगाशी धरूनच आत-बाहेर व्हावे. बाकाला, सामानाच्या गाडीला किंवा पलंगाला दोर बांधून मुलाला सोडणे, किंवा पट्ट्यासकट झोपवणे, हे एका मिनिटासाठीही करू नये.

प्रश्न : मुलगा तीन वर्षे दहा महिन्यांचा आहे. तो कुठेही पळत सुटतो, मागे वळून पाहत नाही, नावाने हाक मारली तरी थांबत नाही. आजी म्हणते, त्याचे वडीलही असेच होते, शाळेत गेला की सुधारेल. तोवर कोणता पट्टा मजबूत?

उत्तर : छातीचा पट्टा जरूर वापरा, पण आपण विचारायला हवा होता तो प्रश्न निराळा आहे. चपळ मूलही पळते; मात्र काही अंतरावर ते वळून पाहते, कोणी मागे येते का याची खात्री करते. जे वळत नाही आणि हाकेला ओ देत नाही, त्याची श्रवणचाचणी आधी व्हायला हवी आणि विकासात्मक तपासणी तिच्या पाठोपाठ. स्वमग्नतेसाठीची चाळणी तपासणी १८ आणि २४ महिन्यांनाच करावी, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपण त्या वयाच्या कितीतरी पुढे आला आहात. स्वमग्न मुलांत असे निघून जाणे फार आढळते: २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षे वयानंतर एकदा तरी तसा प्रयत्न केलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ४९ टक्के निघाले. आपल्या मुलाला स्वमग्नता आहे असे मी पत्रावरून म्हणत नाही, म्हणता येतही नाही. पण वडिलांच्या बालपणाची आठवण म्हणजे निदान नव्हे, आणि वाट पाहण्यात गेलेला काळ उपचारांसाठी परत मिळत नाही. या आठवड्यातच वेळ घ्या.

प्रश्न : माझे वय ७१, गुडघे दुखतात. नातवाला फिरायला नेताना दोराची मूठ मनगटाला दोन वेढे देऊन ठेवतो, म्हणजे सुटत नाही. हे बरोबर ना?

उत्तर : नाही, आजोबा. मूठ सुटत नाही म्हणजे आपणही सुटत नाही. नातू धावला तर दोघे एकदम पडाल. दोर तळहातात धरावा, वेढे देऊ नयेत, आणि तोल जाण्याची भीती वाटत असेल तर नातवाला बाबागाडीत बसवावे. गुडघ्यांविषयी आपल्या डॉक्टरांशी वेगळे बोलावे.

प्रश्न : मोटारीत बाळ-आसनाऐवजी हाच पट्टा चालेल का?

उत्तर : कधीही नाही.

प्रश्न : मोठ्या मुलीचा जुना पट्टा धाकट्यासाठी वापरू का?

उत्तर : शिवण उसवलेली नसेल, बक्कल एका दमात लागत-निघत असेल आणि छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटे जाऊन तिसरे जात नसेल, तर वापरा. बक्कल एकदाही आपोआप उघडले असेल, तर मात्र पट्टा कापून टाका, म्हणजे आणखी कोणी तो उचलून वापरणार नाही.