हेवी लायसन्स, फुकटचं ट्रेनिंग आणि कोरा चेक

(ह्या महिन्यात गाडी शिकण्याबद्दलचीच पत्रं जास्त आलीत, बाकीच्यांनी राग मानू नका, तुमचं पुढच्या अंकात घेतो.)

प्रश्न : काका नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २२, बारावी झालोय. घरी दोन एकर द्राक्षबाग आहे पण दोन वर्षं अवकाळीनं हातात काय राहिलं नाही. बाग थोरला भाऊ बघतो, मी ट्रकवर जायचं ठरवलंय. कारचं लायसन्स काढून दीड वर्ष झालं. सांगलीत एका स्कूलवाल्यानं हेवीचे (ट्रकसारख्या मोठ्या गाडीचे) ९ हजार सांगितले, १५ दिवस, रोज २० मिनिटं, लायसन्स काढून देणार. दुसरा १६ हजार म्हणतोय, महिनाभर, रोज अर्धा तास. आणि कुपवाडकडचा एक ट्रान्सपोर्टवाला फुकट शिकवतो म्हणतोय, पण दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर ८० हजार भरायचे, आणि ओरिजिनल लायसन्स आणि सही केलेला एक कोरा चेक ऑफिसला ठेवायचा. भाऊ म्हणतो फुकट मिळतंय ते घे. मला ९ हजारवालं बरं वाटतंय. काय करू?

उत्तर : तू आकडे नीट लिहून पाठवलेस ते बरं केलंस, आता तेच जरा मांडून बघ. १५ दिवस रोज २० मिनिटं म्हणजे झाले फक्त ५ तास, म्हणजे तासाला १८०० रुपये. दुसऱ्याकडं महिनाभर अर्धा तास म्हणजे १५ तास, तासाला हजार-अकराशे. मग स्वस्त कुठलं? स्टिअरिंग तुझ्या हातात किती तास राहणार एवढंच मोजायचं, बाकी टी-शर्ट, बॅग, एसी क्लासरूम ह्याचं काय लोणचं घालायचंय.

आणि हे नुसतं माझं मत नाही बरं का, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमातच लिहिलंय की हेवीचं ट्रेनिंग कमीत कमी ३० दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं कमीत कमी १५ तास. म्हणजे ९ हजारवाला तुला ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट देणार ते खोटंच असणार. स्कूलमध्ये फॉर्म १५ चं एक रजिस्टर असतं, त्यात रोज किती वेळ गाडी चालवली ते लिहून तुझी सही घ्यायची असते. पहिल्याच दिवशी सगळ्या रकान्यांत सह्या करून मागितल्या की समजायचं काय ते.

कागदाचं तुझं जमतंय. ट्रान्सपोर्टच्या (म्हणजे धंद्याच्या गाडीच्या, हेवी त्यातच येतं) लर्निंगला कारचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं आणि वय २० पूर्ण, दोन्ही आहे. आठवी पासची अट २०१९ लाच गेली. डॉक्टरचा तब्येतीचा दाखला, फॉर्म १ए, लागेल. सरकारी मूळ फी लर्निंगची १५०, टेस्टची ३०० आणि लायसन्सची २०० आहे, वर थोडं कार्डाचं वगैरे, त्यामुळं "आरटीओचे वेगळे ५ हजार" असं कुणी म्हटलं तर पावती माग, लगेच आवाज खाली येतो.

पैसे भरायच्या आधी दोन्ही स्कूलच्या ग्राउंडवर सकाळी जाऊन नुसता उभा राहा, चहा पी, बघ. गाडी खरंच दहा टायर किंवा निदान सहा टायर मोठी आहे का जुन्या टाटा ४०७ टेम्पोवर हेवी शिकवतायत? शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक-क्लच आहे का (नियमानं पाहिजेच)? आणि मुख्य म्हणजे एका फेरीला केबिनमध्ये पोरं किती? चार पोरं कोंबून एकाच अर्ध्या तासात सगळ्यांना फिरवत असतील तर तुझ्या वाटणीला सात मिनिटं येणार, मग १६ हजारवालाही महागात पडला. शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या पोराला गाठ आणि विचार, रिव्हर्स कितीदा मारायला दिलं, हायवेला नेलं का, घाटात नेलं का.

घाटाचं मी मुद्दाम लिहितोय. आपल्या भागात ड्रायव्हरची परीक्षा आरटीओच्या ट्रॅकवर होत नाही, ती खंबाटकीला होते, कुंभार्लीला होते. साताऱ्याकडनं पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि ते एस वळण, तिथं किती गाड्या पलटी झाल्यात ते ह्या रोडवरच्या कुणालाही विचार. मी नवा होतो तेव्हा कराडहून चिपळूणला खताची गाडी घेऊन कुंभार्ली उतरत होतो, डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं (तेव्हा सगळेच करायचे, हुशारी वाटायची) आणि नुसत्या ब्रेकवर गाडी खेळवत राहिलो, तर अर्ध्या घाटात ब्रेक लायनरचा जळका वास आणि पायडल दाबलं तरी गाडी धरेना. नशीब डोंगराकडंला चारी होती, त्यात चाक घातलं. न्यूट्रलला इंजिन गाडीला मागं ओढत नाही, एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) उपयोग राहत नाही, सगळा भार चाकाच्या ब्रेक ड्रमवर, ड्रम तापले की धरत नाहीत, एवढंच असतंय ते. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे ज्या स्कूलनं लोड गाडीवर करून दाखवलं त्याला दोन हजार जास्त दे. पण खरं सांगू, लोड गाडी कुठलंच स्कूल देत नाही.

म्हणूनच ट्रान्सपोर्टवाल्याचं मी लगेच नाही म्हणत नाही. भरलेली गाडी, शेजारी जुना उस्ताद, रात्रीचा रोड, वजनकाट्यावरची लाईन, ताडपत्री बांधणं, बिल्टी (मालाची पावती) सांभाळणं, हे सगळं फुकट शिकायला मिळत असेल तर ते सोनंच आहे. अडचण बॉन्डची, म्हणजे दोन वर्षं न सोडायच्या कराराची पण नाही. कट्ट्यावर लोक सांगतील की बॉन्ड कोर्टात टिकत नाही, त्यांचं ऐकू नको, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा आणि २ लाखांचा बॉन्ड चालतो म्हणून निकाल दिलाय. पण करार कायद्याचं कलम ७४ असंही सांगतं की कागदावर आकडा काही का असेना, मिळणार ती वाजवी भरपाईच. १६ हजारात जे शिकता येतं त्याचे ८० हजार कसले? त्याला सरळ विचार, खर्च किती धरला तो लिहून द्या, आणि दर महिन्याला रक्कम कमी होत गेली पाहिजे, म्हणजे वर्षानं सोडलं तर अर्धीच. शहाणा मालक असेल तर मान्य करतो, कारण त्यालाही ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या उभ्या आहेत.

कोरा चेक मात्र द्यायचा नाही. तो त्यानं पाच लाखाचा भरून बँकेत टाकला तर चेक बाउन्सची केस तुझ्यावर, आणि कोर्टात तूच सिद्ध करत बस की एवढं देणं नव्हतं. ओरिजिनल लायसन्स पण नाही. झेरॉक्स ठेवा म्हणावं. माझं लायसन्स एका मालकानं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं अडीच वर्षं, पगार थकला तरी दुसरीकडं जाता येईना, बहिणीच्या लग्नाला चार दिवस मागितले तर म्हणाला गाडी रिकामी कोण करणार. तेव्हा मोबाईल पण नव्हते. आता डिजीलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना दाखवलं तरी चालतं, पण म्हणून कार्ड दुसऱ्याच्या ड्रॉवरला का?

अजून तीन गोष्टी लिहून घे त्याच्याकडनं. ट्रेनिंगच्या दिवसांचा भत्ता किती. टायर फुटला, माल कमी भरला, आरसा तुटला तर कुणाचा खिसा. आणि रोज किती तास, कारण कायदा दिवसाला ८ तास म्हणतो, पाळतंय कोण ते सोड, पण विचारल्यावर मालक हसतो का चिडतो त्यावरनं माणूस कळतो.

तर माझं असं, चेक आणि लायसन्सचं त्यानं सोडलं तर ट्रान्सपोर्टवाल्याकडं जा. नाही सोडलं तर १६ हजारवाला, ग्राउंड बघून. ९ हजारवाल्याकडं जाऊच नको. आणि लर्निंग हातात यायच्या आधी कुणा मामाच्या ट्रकवर हात साफ करायला बसू नको, पकडलं तर तुला ५ हजार आणि मालकाला वेगळे ५ हजार, आणि काय झालंच तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. एक ट्रिप किन्नर (क्लीनर) म्हणून जाऊन ये मात्र, चार रात्री केबिनमध्ये झोपल्यावर पण जावंसं वाटलं तर पैसे भर.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातली, चार वर्षं स्वतःची पिकअप चालवते, भाजी साताऱ्याच्या मार्केटला नेते. लायसन्स कारचंच आहे, लोक घाबरवतात की अपघात झाला तर इन्शुरन्स मिळणार नाही. आता आयशर घ्यायचा विचार आहे, पण स्कूलवाला म्हणाला लेडीजना हेवी शिकवत नाही.

उत्तर : ताई, पिकअपची काळजी सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय की ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी कारच्या लायसन्सवर चालते. आरसी बुकवर एकूण वजन लिहिलेलं असतं ते एकदा बघून घ्या. आयशर घेताना पण आधी तोच आकडा बघा, त्यांच्यात लहान-मोठी सगळी मॉडेल आहेत, ७५०० च्या वर गेलं की ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागणार, आणि तुमचं एक वर्ष तर कधीच झालंय. चार वर्षं पहाटे तीनला पिकअप काढणाऱ्या बाईला शिकवत नाही म्हणणाऱ्याकडं जायचंच कशाला, एसटीत बायका बस चालवायला लागल्या. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी म्हणून केंद्राची संस्था आहे, ड्रायव्हर ट्रेनिंगचं त्यांचं काम जुनं आहे, तिथं फोन करा. आणि साताऱ्यात जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जाऊन सध्या फीमध्ये सवलतीची कुठली योजना चालू आहे ते विचारा, अशा योजना चालू-बंद होत राहतात, म्हणून स्वतः जाऊनच विचारायचं.

प्रश्न : आम्ही विट्याचे, घरातले गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात बाहेरच असतात. एक एजंट मुलाला अमेरिकेत ट्रक कंपनीतर्फे फुकट ट्रेनिंग आणि नोकरी म्हणतोय, त्याचे ३ लाख मागतोय. पासपोर्ट घेऊन गेलाय. खरं असतं का असं?

उत्तर : अर्धं खरं आहे म्हणून तर माणूस फसतो. अमेरिकेत ट्रक कंपन्या स्वतःच्या खर्चानं शिकवतात आणि बदल्यात ठरावीक काळ काम करून घेतात, मध्येच सोडलं तर फी वसूल करतात, म्हणजे वरच्या पत्रातल्या कुपवाडच्या ट्रान्सपोर्टवाल्यासारखंच. फेब्रुवारी २०२२ पासून तिथं नोंदणी असलेल्या ट्रेनिंग संस्थेतनं शिकल्याशिवाय नव्यानं मोठ्या गाडीचं लायसन्स मिळत नाही, त्याला ते सीडीएल म्हणतात. पण हे सगळं तिथं काम करायची कायदेशीर परवानगी आधीच असलेल्यांसाठी आहे. आपलं हेवी लायसन्स तिथं बदलून मिळत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेनं ट्रक ड्रायव्हरचे कामाचे व्हिसा देणंच थांबवल्याचं जाहीर केलं. मग हा कुठला व्हिसा देतोय?

परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नाव टाकून बघता येतं, आणि त्याला उमेदवाराकडनं ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. ३ लाख म्हटल्यावरच विषय संपला. पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका, आणि पासपोर्ट उद्याच जाऊन आणा, जाताना दोन माणसं बरोबर न्या. देत नसला तर विटा पोलीस स्टेशन लांब नाही.