नवी बॅटरी बसवूनही राइडिंग मोवरचे इंजिन अर्धा फेरा घेऊन का अडते?

आपण लिहिता की ओहायोतील आपला राइडिंग मोवर (बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) हिवाळाभर शेडमध्ये उभा होता आणि आता चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेऊन अडते, नवी बॅटरी बसवूनही तसेच होते. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे, एका सिलिंडरचे व ओव्हरहेड व्हॉल्व्हचे (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेले) आहे, हा आपण दिलेला तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कृपया आणखी सुटे भाग इतक्यात विकत घेऊ नका.

सीट, ब्रेक किंवा पात्याचा सुरक्षा-स्विच बिघडला असता तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मुळात फिरलाच नसता, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नये. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते का ते पाहावे आणि अर्थिंगची तार जिथे चासीला बसते ती जागा घासून स्वच्छ करावी.

त्यानंतर मोवर उघड्यावर आणून स्पार्क प्लग काढावा, प्लगची तार छिद्रापासून दूर इंजिनाच्या धातूला जोडून ठेवावी, स्वतः छिद्रासमोर उभे राहू नये आणि मग चावी फिरवावी. छिद्रातून पेट्रोल उडाले, तर कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोट-सुई गळते आहे. अशा वेळी पेट्रोल ऑइलमध्येही उतरलेले असते, म्हणून सुई दुरुस्त करून ऑइल बदलल्याखेरीज इंजिन चालवूच नये. पेट्रोल न येता इंजिन मोकळेपणाने फिरले, तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बहुधा ठीक आहेत व अडचण कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या, दाबाची आहे.

या इंजिनांत सुरू होताना दाब हलका व्हावा म्हणून कॅमशाफ्टवरील (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरील) एक छोटा उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो. हे उघडणे इतके थोडे असते की टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली बारीक जागा) वाढली की ते नाहीसेच होते, पूर्ण दाब सेल्फवर येतो आणि पिस्टन वर पोहोचण्याआधीच थांबतो. माझ्या मोवरलाही हेच झाले होते आणि मी दुकानदाराच्या सल्ल्याने नवा सेल्फ घेतला. तो आजही शेडमध्ये पडून आहे, कारण खरी दुरुस्ती फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तासाभरात झाली.

इंजिन थंड असताना व्हॉल्व्हचे झाकण काढावे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला आणून, तिथून पुढे पाव इंच खाली येऊ द्यावा. नेमक्या टोकावर मोजल्यास तो उंचवटा माप चुकवू शकतो. या प्रकारात इनटेकची (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) फट साधारणपणे ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) ०.००५ ते ०.००७ इंच असते, तरी इंजिनावर कोरलेल्या मॉडेल क्रमांकानुसार कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा ताडून पाहावा. पुशरॉड (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा) वाकलेला नाही ना, हेही त्याच वेळी दिसेल.

फट बरोबर बसवूनही इंजिन तिथेच अडले, तर कॅमशाफ्टवरील ती रचनाच तुटलेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागत असल्याने ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.