अँड्रॉइडमध्ये कर्सरवर लूप फिरवला की पहिली नोंद का गळते?

तुम्ही लिहिलंय की टेबलमध्ये पाच नोंदी आहेत, पण क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीच्या, निकालावर लूप फिरवला की यादीत चारच येतात. आणि एकच नोंद असली तर यादी कोरी. तुमची क्वेरी बरोबर आहे. गडबड कोडमध्ये लूपच्या आधीच्या ओळीत आहे.

कर्सर म्हणजे निकालातल्या ओळींवरून एकेक करून फिरणारा दर्शक. क्वेरी केल्यावर हातात येतो तेव्हा तो कुठल्याच ओळीवर उभा नसतो. तो पहिल्या ओळीच्याही अलीकडे, उणे एक या जागी असतो. तुम्ही मूव्हटूफर्स्टने त्याला पहिल्या ओळीवर आणलंत आणि मग व्हाइल लूपच्या अटीच्या कंसात पुढच्या ओळीवर नेणारं मूव्हटूनेक्स्ट लिहिलंत. म्हणजे लूपमध्ये शिरायच्या आधीच तो दुसऱ्या ओळीवर सरकला, पहिली वाचलीच गेली नाही. कोडमधली मूव्हटूफर्स्टची ती ओळ काढून टाका. निकाल रिकामा असेल तर मूव्हटूनेक्स्ट पहिल्याच वेळी फॉल्स देतं, त्यामुळे वेगळी तपासणीही लागत नाही.

या चुकीने अ‍ॅप बंद पडत नाही, म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते. दूध संकलनाच्या एका अ‍ॅपमध्ये मी हेच करून बसलो होतो. दोन्ही वेळा दूध घालणाऱ्यांच्या खात्यावर फक्त संध्याकाळचे लिटर दिसायचे, आणि जे फक्त सकाळी घालायचे त्यांच्या नावापुढे शून्य. एक काकू ४.५ लिटरची पावती घेऊन केंद्रावर आल्या तेव्हा कुठे कळलं. मी तपासताना वीस-वीस नोंदी भरायचो, त्यात एक कमी असलेली लक्षातच आली नाही. तेव्हापासून शून्य, एक आणि दोन नोंदी भरून बघितल्याशिवाय मी कोड पुढे देत नाही. तुम्हीही तेवढं कराच.

तुमच्या कोडमध्ये कर्सर बंद केलेला दिसत नाही. कॉटलिनमध्ये सगळा लूप यूज ब्लॉकमध्ये घाला, मग मध्येच एरर आली तरी तो बंद होतो. आणि नावावरून कॉलमचा क्रमांक काढायला गेटकॉलमइंडेक्सऐवजी गेटकॉलमइंडेक्सऑरथ्रो वापरा, तेही लूपच्या बाहेर एकदाच. साधं गेटकॉलमइंडेक्स कॉलमचं नाव चुकलं तर गुपचूप उणे एक देतं, आणि एरर कोडच्या भलत्याच ओळीवर दिसते.

फोटोचा कॉलमही मला खटकला. कर्सर मेमरीतल्या ज्या खिडकीतून ओळी वाचतो ती साधारण २ एमबीची असते. एकच ओळ त्याहून मोठी झाली की वाचतानाच अ‍ॅप कोसळतं. फोटो फाइलमध्ये ठेवा, टेबलमध्ये फक्त तिचा पत्ता.