ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर शिखराजवळच्या घाटात एकच ठिकाण निवांत बघायचं असेल तर कुठे थांबावं?

साल्झबर्गहून एका दिवसात, सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जायचंय आणि एडेलवाइसस्पिट्झं की कायझर फ्रान्झ योसेफ्स होहे, हे ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी डोळे मिटून होहे सांगेन.

एडेलवाइसस्पिट्झं 2571 मीटरवर आहे, चौफेर शिखरंच शिखरं दिसतात. पण वर जाणारा फाटा अरुंद, दगडी फरशीचा आणि चांगलाच उभा आहे. होहेवर मात्र गाडी लावली की गच्चीवर येताच 3798 मीटरचा ग्लॉकनर थेट समोर. आईवडिलांना चढायचं काहीच नाही.

तिथे खाली पास्टर्झं हिमनदी आहे, ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी. पहिल्यांदा बघणारे हमखास विचारतात, "हिमनदी कुठंय?" कारण तिचं खालचं टोक दगडमातीच्या थराने झाकलेलं, मळकट राखाडी आहे. नजर डावीकडून उजवीकडे, वर योहानिसबर्ग शिखराच्या दिशेने नेत जा, मग पांढरा बर्फ सुरू होतो. 1856 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफ इथे आले, तेव्हा ही दरी बर्फाने भरलेली होती. बर्फाच्या कडेपर्यंत न्यायला 1963 मध्ये छोटी रेल्वे बांधली, पुढे बर्फच तिच्या शेवटच्या स्टेशनाच्या कितीतरी खाली गेला. खाली उतरणाऱ्या पायवाटेवर कुठल्या साली बर्फ कुठवर होता त्याच्या पाट्या आहेत. तुमचे गुडघे धड असतील तर त्यातल्या दोन-तीन तरी बघून याच. दोन पाट्यांमधलं अंतर स्वतः चालल्यावर पोटात गलबलतं. तोवर आईबाबांना कठड्यापाशी बसवा, मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले गुबगुबीत डोंगरी प्राणी, दिसतातच. त्यांना खायला मात्र घालू नका.

रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो, रात्री बंद. टोल दिवसाचा, त्यामुळे घाई नको. दुपारी ढग चढतात, म्हणून साल्झबर्गहून पहाटेच निघा. होखटोरचा बोगदा ओलांडून उतरलात की गुटालपाशी होहेचा फाटा लागतो, तो चुकला तर थेट खाली हायलिगेनब्लूट गावात पोहोचाल. जुलैतही जाड जॅकेट हवंच. आणि परतताना उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरवू नका, ते तापतात.