जिना उतरू न शकणाऱ्यांना आगीच्या वेळी उंच इमारतीतून सुखरूप बाहेर काढण्यासाठी रचना कशी असावी?

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आमचे कार्यालय सातव्या मजल्यावर होते. आगीच्या सरावाचा भोंगा वाजला, लिफ्ट बंद झाली, सगळे जिन्याकडे निघाले आणि सुरक्षा अधिकारी मला म्हणाले, "तुम्ही जागेवरच थांबा, सरावच तर आहे." तरीही मी जिन्याच्या दारापर्यंत गेलो. ते आपोआप मिटणारे जड अग्निरोधक दार एका हाताने रेटून धरले की चाकासाठी एकच हात उरे, खुर्ची तिरकी होई आणि पाय ठेवण्याची पट्टी चौकटीत अडकून बसे. तोवर खाली हजेरी पूर्ण झाली होती आणि माझ्या नावापुढेही 'बाहेर' अशी खूण झाली होती! मी आक्षेप घेतला, तेव्हा "वेळ आलीच तर चौघे जण तुम्हाला उचलून नेतील" असे उत्तर मिळाले. ते चौघे कोण, हे मला कधीच कळले नाही.

ऐनवेळी कोणीतरी उचलून नेईल, याला योजना म्हणत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ६९व्या मजल्यावरून व्हीलचेअर वापरणाऱ्या एका कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी खाली आणले, तेव्हा तेथेच १९९३मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटानंतर घेऊन ठेवलेली, जिना उतरण्याची खास खुर्ची त्यांच्या हाताशी होती. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७मधील आगीत ७२ जणांचा बळी गेल्यावर चौकशीच्या २०१९च्या अहवालाने, स्वतःहून बाहेर पडणे कठीण असलेल्या रहिवाशांसाठी व्यक्तिगत सुटका योजना आखण्याची शिफारस केली.

रचनेचे म्हणाल, तर जिन्याच्या अग्निरोधक भागात, उतरणाऱ्यांची वाट न अडवता, व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा आणि तेथून नियंत्रण कक्षाशी बोलण्याची सोय हवी. नवी इमारत असेल, तर स्वतंत्र वीजपुरवठा असलेली आणि धुरापासून सुरक्षित ठेवलेली, खास सुटकेसाठीची लिफ्टच बसवावी. जुन्या इमारतीत जिना उतरण्याची खुर्ची ठेवावी, आणि ती चालवायला शिकलेली माणसे प्रत्येक पाळीत असावीत. अर्थात, ती खुर्ची प्रत्येकाच्या शरीराला मानवत नाही आणि काहींना नुसते तिच्यावर हलवणेही धोक्याचे असते, म्हणून ज्याला न्यायचे त्यालाच आधी विचारावे.

आपल्या इमारतीत सराव होईल, तेव्हा अशा माणसाला जागेवर बसवून ठेवू नका. त्याच्या संमतीने त्याला खरोखर खाली आणा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि तो समोर दिसेपर्यंत हजेरीवर खूण करू नका.